नव्या होडीची मागची फळी

होडी पिकअपमधून खाली उतरली तेव्हा माझ्या सासूनं पहिला प्रश्न विचारला, "हिच्यात खोट काय हाय?"

माल नवाकोरा. पिवळाधमक रंग, फायबरची, हात लावला तर हात घसरावा. आणि ही बाई म्हणते खोट काय. पण सरुबाईंची रीतच ती. म्हैस आणा, मिक्सर आणा, सून आणा, आधी खोट शोधायची. मला बघायला आल्या तेव्हा मला चालायला लावलं, वाचायला लावलं आणि वर विचारलं, "झोपेत बडबडती का?" आता अकरा वर्षं झाली, पण अजून त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "खोट असती तर कारखान्यानं कागद दिला असता का लिहून?"

"कागद खोट झाकायलाच असतो," त्या म्हणाल्या.

आमचं घर धरणाच्या अलीकडं आणि रान पलीकडं. उन्हाळ्यात पाणी हटलं की आम्ही चालत जातो. भादव्यात धरण भरलं की मग डोंगराला वळसा घालून जायचं, त्यात अर्धा दिवस जातो. नाहीतर पुंजाराम तात्याच्या ट्यूबांवर बसायचं. ट्रकच्या चार ट्यूबा, वर बांधलेल्या फळ्या, आणि तात्याच्या हातात पाणी सारायला एक फळकूट. तात्या पलीकडंच राहतो, एकटा, शेळ्या घेऊन. गावाला ने-आण तोच करतो. गेल्या साली त्या फळ्यांवरून माझी चुलत जाऊ छाया पाण्यात गेली. तात्यानं केसाला धरून ओढली म्हणून वाचली. मला पोहता येत नाही. छायाला येत नाही. आत्याबाईंना तर गुडघ्याएवढ्या पाण्यात राम आठवतो. आणि रोज जायचं तर आम्हालाच जायचं, कारण पलीकडं झेंडू लावलाय. दसऱ्याचा तोडा तोंडावर आला होता. तेव्हा मी नवऱ्याला, समाधानला, सरळ सांगितलं होतं, "यंदा टोमॅटोनं हात दिलाय. होडी घ्या. नाहीतर झेंडू तुम्ही आणि तुमची आई तोडा. मी त्या ट्यूबांवर पाय ठेवणार नाही." माणूस भला. बायकोचंही ऐकतो आणि आईचंही, त्यामुळं कायम कात्रीत.

होडी बघायला सगळा गाव लोटला. तात्याही आला. होडीभोवती फिरला, बोटानं टकटक वाजवून पाहिली आणि म्हणाला, "घाई करू नका. नवी होडी आधी माणसं ओळखती."

एवढंच बोलला बिचारा. पण आत्याबाईंनी ते पदरात गाठ मारून ठेवलं. रात्री भाकरी थापताना म्हणाल्या, "ऐकलं ना? धमकी देऊन गेला. त्याचं गिऱ्हाईक गेलं आता. तो गप बसणार नाय."

शिकवायला फारुखभाई आला. फारुखभाई धरणावर मासे धरतो. त्याचा जन्म पाण्यावरच गेलाय. तो म्हणाला, "भाभी, दोन सकाळी द्या मला. पैसा नको, चहा पाजा." झालं, आत्याबाईंच्या कपाळाला आठी. "फुकट कोण शिकवतं गं? आपल्या बांधावर जाळी वाळत घालायची असंल त्याला."

फारुखभाईनं आधी जाकिटं घालायला लावली, नारिंगी, जाडजूड. आत्याबाईंनी लुगड्यावर जाकीट चढवलं आणि बंद आवळताना म्हणाल्या, "बैलाला झूल घालू राहिले मेले." छाया हसली तर तिलाही एक दणका मिळाला. मग फारुखभाईनं सांगितलं, चढताना पाय मधोमध ठेवायचा, काठावर नाही. हात दोन्हीकडं. बसल्यावर उठायचं नाही, साप निघाला तरी नाही. तळाला पाणी काढून टाकायचं भोक असतं, पाण्यात जायच्या आधी त्याचं बूच हातानं चाचपून बघायचं. वजन मधे ठेवायचं. दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा पाण्यावर असायचं नाही.

"आणि पाणी आत आलं तर?" मी विचारलं.

"तर आधी माल फेकायचा. माल फिर उगेगा, माणूस नाही उगत. आणि होडी सोडायची नाही. ही पाण्यानं भरली तरी तळाला जात नाही, बघा."

असं म्हणून त्यानं कमरेइतक्या पाण्यात नवी होडी एका काठावर लोंबकळून सरळ उलटी केली.

आत्याबाई काठावरून किंचाळल्या. "अरे देवा! पहिल्याच दिवशी पालथी घातली! अवदसा आणली गं बाई!" समाधान पाण्यात धावला. फारुखभाई हसत होता. "मावशी, आज मी पालथी करतो म्हणून उद्या घाबरणार नाहीत ह्या." त्यानं आम्हाला दोघींना ती सुलटी करायला लावली, मग पाण्यानं भरलेल्या होडीत चढायला लावलं, मग घमेल्यानं पाणी उपसायला लावलं. माझे दात वाजत होते, दंड भरून आले होते, हातांना फोड आले होते. पण दुसऱ्या सकाळी मी एकटी पलीकडं गेले आणि परत आले. खरं सांगते, लग्नात हार घालून घेतला तेव्हाही एवढी छाती फुगली नव्हती.

काठाला उभ्या असलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "आता चढून जाऊ नको." हीच त्यांची शाबासकी.

फारुखभाई भाचीच्या लग्नाला मालेगावला गेला आणि आत्याबाईंनी पूजा काढली. पूजा करायला माझी ना नव्हती. पाण्यात साती आसरा असतात, त्यांची ओटी भरल्याशिवाय आमच्याकडं कोणी पाण्यात पाय घालत नाही. काठाला सात दगड मांडले, शेंदूर लावला, दहीभात ठेवला. मग होडीच्या नाकाला तेलातला शेंदूर थापला, झेंडूची माळ घातली, लिंबू-मिरची बांधली. मग नारळ.

गेल्या दसऱ्याला ट्रॅक्टर आणला तेव्हा आत्याबाईंनी नारळ त्याच्या पुढच्या लोखंडावर फोडला होता. एका दणक्यात दोन भकलं. तेच डोक्यात. त्यांनी नारळ उचलला आणि होडीच्या नाकावर आपटला. ठप्प. नारळ फुटला नाही.

"दगडावर फोडा ना," मी म्हटलं.

"ज्याचा मान त्याच्यावर फोडायचा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हाणला. तिसऱ्या दणक्याला नारळ फुटला. पाणी शेंदरावरून ओघळलं. आत्याबाईंनी वरून आणखी एक मूठ शेंदूर थापला, आणि आम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

त्या संध्याकाळी वारा सुटला. लाटा काठाला चापट्या मारत होत्या. सकाळी जाऊन बघतो तर होडीत घोट्याएवढं पाणी.

समाधाननं बूच तपासलं. बूच घट्ट. पाऊस नव्हता. मग पाणी आलं कुठून?

"काल दिवेलागणीला तात्या होडीजवळ वाकला होता," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी पाह्यला. हात आत होता त्याचा."

"आत्याबाई, बूच तर घट्ट हाय."

"तेच म्हणते मी! काढलं, पाणी भरू दिलं, परत लावलं. कोणाला कळू नये म्हणून."

बूच सैल असतं तर तात्या चोर. बूच घट्ट, तर तात्या पक्का चोर. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं. तात्या दोन दिवसांत एकदाही आमच्याशी बोलला नव्हता. आम्ही गेलो की ट्यूबांची हवा बघत बसायचा. छाया तर म्हणाली, "मी बसायची नाय बाई. गेल्या साली त्यानंच मला पाडलं असंल आणि त्यानंच काढलं असंल." माणसाच्या मनात एकदा शिरलं की मागच्या सालापर्यंत जातं.

आत्याबाई दिवसभर त्यावरच. जेवताना तेच, म्हशीची धार काढताना तेच. "बायका पाण्यात गेल्यावर जागा व्हशील का? तुझा बाप असता तर..." हे सगळं समाधानला. दुपारी तात्या दळण घेऊन गावात आला. ट्यूबा काठाला बांधून गिरणीवर गेला. समाधान उठला, छाटणीची कात्री घेतली आणि बाहेर पडला.

परत आला तेव्हा त्याच्या बोटांना काळं लागलं होतं. मोरीवर साबणानं घासत होता, निघत नव्हतं.

"काय केलं तुम्ही?"

"आता कशाला जाईल रात्री होडीकडं," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

छाटणीची कात्री मोरीच्या कडेला होती, तिलाही काळं लागलं होतं. तरी मी मोकळे कॅरेट मोजायला बसले. उद्या तोडा होता. आणि आतून, लाज वाटते सांगायला, जरा सुटल्यासारखंही वाटलं.

तात्यानं ती रात्र मारुतीच्या देवळात काढली. सकाळी आम्ही तिघी काठावर गेलो तर तो तिथंच बसलेला, शेजारी पिठाची पिशवी, समोर चारी ट्यूबा मेलेल्या म्हशीच्या कातड्यासारख्या पडलेल्या. सरळ रेषेत चिरलेल्या.

तो उठला. "सरुबाई, मला पलीकडं सोडता का? शेळ्या कालपासून कोंडलेल्या हायेत. पाणीबी नसंल त्यांना."

"जागा नाय," आत्याबाई म्हणाल्या.

होडी रिकामी होती. तिघी आणि मोकळे कॅरेट. तात्यानं होडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी बूच बघायच्या निमित्तानं खाली वाकले. तो परत जाऊन ट्यूबांजवळ बसला.

पलीकडं झेंडू असा फुलला होता की डोळे दुखावेत. आम्ही कंबर मोडेस्तोवर तोडला. बोटं हिरवी-काळी झाली. नाशिकला जाणारी गाडी दहाला येणार होती, म्हणून घाईघाईनं भरलं. सहा कॅरेट न्यायचे तर आत्याबाईंनी दोन जास्तीचे चढवले. मधे जागा उरली नाही, म्हणून पुढं नाकात रचले. छाया पुढं, कॅरेटला पाठ टेकून. मागच्या फळीवर आत्याबाई. मी मधे वल्ह्यांवर. वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते आणि तोंड मागं, त्यामुळं पुढं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होत्या फक्त आत्याबाई, दोन्ही हातांनी काठ धरलेल्या, ओठ हलत होते.

अर्धं पाणी पार केलं आणि वल्ही जड झाली. वाटलं, दंड थकले.

"साधना," छाया मागून म्हणाली. "माझं लुगडं ओलं झालं."

"शिंतोडे असतील."

"शिंतोडे नाय गं. खालून येऊ राहिलं. नाकाकडून."

माझ्या पायांनाही पाणी लागलं. गार. मी मान वळवली. होडीचं नाक भारानं खाली गेलं होतं, आणि शेंदूर ओघळून जिथून लाल पाणी आत येत होतं तिथं कॅरेटांच्या फटीतून एक चीर दिसत होती, वीतभर, बाहेर माळ होती तिच्या खाली. रिकामी होडी असली की ती चीर पाण्याच्या वर राहायची, फक्त लाटा आल्या की पाणी घ्यायची. भार पडला की पाण्याखाली जायची.

"बूच! तात्यानं बूच काढलं!" आत्याबाई ओरडल्या आणि उठायला गेल्या.

"बसा खाली!" मी जन्मात त्यांच्यावर ओरडले नव्हते. "उठलात तर तिघीही जाऊ! छाया, कॅरेट फेक. पुढचे आधी."

"सोन्यासारखा माल..."

"फेक म्हणते ना!"

काठावरून तात्याचा आवाज आला. तो पाण्यात उतरला होता, छातीइतक्या. "पुढचा माल फेका! नाक वर येऊ द्या!"

"बघ," आत्याबाई रडत रडत म्हणाल्या, "आपला माल बुडवायला सांगू राहिला." आणि तेवढं बोलून त्यांनी स्वतःच्या पायाजवळचा कॅरेट उचलून पाण्यात ढकलला. बाई घाबरली की जीभ वेगळं बोलते आणि हात वेगळं करतात.

छायानं पुढचे चार फेकले. फुलं पाण्यावर पसरली. छाया सरकत, बसल्या बसल्या, मागं आली. नाक उचललं. आत्याबाई घमेल्यानं पाणी उपसायला लागल्या, अर्धं पाणी माझ्याच अंगावर. मी वल्ही मारत होते. रडत होते का, आठवत नाही. तोंडात खारट लागत होतं एवढं खरं. डोक्यात एवढंच होतं की काठावरच्या ज्या चार ट्यूबांनी कोणीतरी आमच्यापर्यंत आलं असतं, त्या माझ्या नवऱ्यानं चिरल्या होत्या.

काठ जवळ आला तसा छायानं दोर फेकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तात्यानं धरला आणि खेचत खेचत आम्हाला काठाला लावलं. थकून पाण्यातच मटकन बसला.

तात्या उठला, होडीच्या नाकापाशी गेला, माळ बाजूला केली, शेंदरातून बोट फिरवलं. चिरेच्या आत नारळाच्या करवंटीची एक काळी कपची अडकली होती. त्यानं ती नखानं काढली आणि आत्याबाईंच्या पुढं धरली.

"नारळ हिच्यावर फोडला का?"

आत्याबाई काठावर बसल्या. जाकिटाचे बंद सोडायला गेल्या, सुटेनात.

"परवा दिवेलागणीला वारा व्हता," तात्या म्हणाला. "तुमची होडी दगडावर आपटत व्हती. मी दोर आवळला. आत पाणी दिसलं, दोन ओंजळी काढून टाकलं. म्हटलं सकाळी सांगू. सकाळी तुम्ही माझ्याकडं बघंनात."

त्यानं पिठाची पिशवी उचलली. "मला सोडता का आता? शेळ्या मरतील."

"येऊ द्या," मी म्हटलं. "मागं बसा. नाक वर राहील." आत्याबाईंकडं मी बघितलं नाही. परवानगी मागायची वेळ निघून गेली होती.

तात्या चढण्याआधी वाकला, बूच हातानं पिळून पाहिलं. मी दिलेलं जाकीट घेतलं, बंद ओढून ओढून बघितले, पट्ट्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. गेल्या साली ज्यानं छायाला केसाला धरून काढलं, तो माणूस आमच्या जाकिटाची शिवण तपासत होता. त्याची चूक नव्हती. आम्हीच शिकवलं त्याला.

निघालो. तो मागच्या फळीवर, मी त्याच्यासमोर. तिथं बसलं की तोंड चुकवता येत नाही. वल्हं मारायचं, वर बघायचं, तो समोर. सगळीकडं झेंडू तरंगत होता, वल्ह्याला लागत होता.

अर्ध्यात आल्यावर तात्या म्हणाला, "ट्यूबांच्या चिरा सरळ हायेत. काट्यानं अशा नाय होत. छाटणीच्या कात्रीच्या हायेत."

मी वल्हं मारलं.

"समाधाननं केलं ना?"

मला नाही म्हणता आलं असतं. माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं. तो वाट बघत होता.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच. आणि मला कालच माहीत होतं."

तात्यानं मान हलवली. काठ लागला तसा उतरला, जाकीट काढून घडी घालून फळीवर ठेवलं. कोंडलेल्या शेळ्यांचा ओरडा ऐकू येत होता. दोन पावलं गेला आणि वळला.

"नव्या ट्यूबा आणून देईल तो, माहीत हाय मला. ट्यूबा नको. तोंड घेऊन ये म्हणावं."

मी एकटी परत आले तेव्हा समाधान काठावर उभा होता. गाडी निघून गेली होती. ओले झालेले दोन-तीन कॅरेट, पाण्यातून गोळा केलेली फुलं, छाया घरी गेलेली. चीर कशानं पडली ते तिनं जाताना त्याला सांगितलं होतं.

"दिंडोरीहून नव्या ट्यूबा आणतो," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पोचवतो त्याला."

"ट्यूबा नको म्हणाला. तुम्हाला बोलावलंय."

त्यानं हातातली ओली फुलं कॅरेटात टाकली. मग जाकीट घातलं आणि वल्ह्यांकडं गेला.

"तिथं नाही," मी म्हटलं. "वल्ही मी मारते. तुम्ही मागं बसा."

तो मागं बसला. मी दोर सोडत होते तेवढ्यात काठावर बसलेल्या आत्याबाई उठल्या. जाकीट अजून अंगावरच होतं, बंद सुटलेच नव्हते. मला वाटलं आता म्हणतील, त्याच्या दारात जायची काय गरज, त्याचाच काहीतरी डाव असंल.

"सरक," त्या लेकाला म्हणाल्या. "नारळ मी फोडला."

पाय मधोमध ठेवून चढल्या. दोघं मायलेक मागच्या फळीवर, माझ्याकडं तोंड करून, एकमेकांकडं न बघता. मी होडी पाण्यात ढकलली. पलीकडं तात्या शेळ्यांना पाणी दाखवत होता. त्यानं आम्हाला येताना पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.